आजीच्या दाराची कडी

आजीने जेवण सोडलं तेव्हा मी देवावर रुसले. खरं सांगायचं तर चांगलीच चिडले होते. जिने सगळा जन्म गणपतीपुढे दिवा लावला, एकही चतुर्थी चुकवली नाही, तिच्याच मनातून त्याने एकेक माणूस पुसून टाकावा? आधी शेजारीपाजारी गेले, मग सून, म्हणजे माझी आई, आणि शेवटी मी. मला तर तिनेच लहानाचं मोठं केलेलं. तिच्या सेवेला म्हणून मी चौसाळ्याहून, सासरहून, येऊन राहिले होते, आणि ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघायची. दूधभाकरीचा घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, जाईल तेवढं पोटात घाला. पण काहीच जात नव्हतं. ती डोळ्यांदेखत विझत चालली होती.

आमचं गाव लिंबागणेशच्या वाटेवर. पूर्वी तिथल्या गणपतीच्या दर्शनाला जाणारी माणसं पायी आमच्या दारावरून जायची. आजीचा एक नेम होता. ताट वाढलं की आधी ओट्यावर यायचं, रस्त्याकडे बघायचं आणि हाक द्यायची, “कुणी उपाशी हाय का?” कुणी ना कुणी सापडायचंच. कधी कल्हईवाला, कधी फकीर, कधी चुकलेली म्हैस शोधत आलेला कुणी. त्याचं जेवण उरकल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आजोबा चिडवायचे, हिचा नवरा उपाशी राहिला तरी चालेल, पाहुणा राहायला नको. ती गालात हसायची आणि पाहुण्यालाच आधी वाढायची. लहानपणी दुपारी मी तिच्या मांडीवर पेंगत असायचे. अर्धवट झोपेत अनोळखी माणसांचे आवाज, ताटाचा खणखणाट आणि “अजून चतकोर घ्या की” हे तिचं आर्जव ऐकू यायचं. मला वाटायचं, सगळ्या जगाची वाट आमच्याच ओट्यावरून जाते.

पुढे रस्ता रुंद झाला. माणसं गाड्यांवरून भुर्रकन जाऊ लागली. पाहुणेसुद्धा फोन करून, जेवूनखाऊनच येऊ लागले. आजीला विसर पडायला लागला तशी ती भर उन्हात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची. एकदा ट्रकखाली येता येता वाचली. तेव्हापासून जेवणाच्या वेळेला आम्ही दाराला आतून कडी घालू लागलो. तिच्या भल्यासाठीच घालत होतो.

त्या चतुर्थीला आई देवाला साकडं घालायला लिंबागणेशला गेली होती. मी उपासही धरला नव्हता. पिठलं-भाकरी केली, आजीपुढे ताट ठेवलं, तिने मान फिरवली. मी म्हणाले, आता तुझं तू बघ. हे तिला म्हणाले की देवाला, ते माझं मलाच सांगता येणार नाही. तेवढ्यात दार वाजलं.

दारात पन्नाशीचा एक माणूस उभा होता. डोक्यावर जाळीची टोपी, हातात रिकामा कॅन. सीताफळं घेऊन बीडला निघाला होता, गाडी तापली म्हणून पाणी हवं होतं. मी कॅन घेऊन आत वळले तर आजी उठून बसलेली. पदर डोक्यावर घेतलेला.

“या, पाव्हणं,” ती म्हणाली. “हातपाय धुवा. जेवल्याबिगर जाऊ नगा.”

त्याला घाई होती, तसं तो म्हणालाही. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, चपला काढल्या आणि गपचूप भिंतीला टेकून बसला. आजीसाठी वाढलेलं ताटच मी त्याच्यापुढे ठेवलं. तो जेवत होता आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती, चेहऱ्यावर सकाळचं कोवळं ऊन पडावं तशी. “अम्मा, तुमी बी घ्या,” तो म्हणाला. तिने मानेनेच नाही म्हटलं. त्याने हात धुतला, तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आता मला वाढ.”

आजी जेवली. अर्धी भाकरी जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाहेर आले तोवर तो गेला होता आणि ओट्यावर सीताफळं ठेवलेली होती. तिने अन्न सोडलंच नव्हतं. ती पाहुण्याची वाट बघत होती, आणि आम्ही दाराला कडी घालून तिला जेव जेव म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवलं, पण कुणीच आलं नाही. ओठ पुन्हा मिटले. मी बराच वेळ बसून राहिले. मग उठले, चपला घातल्या, रस्त्यापर्यंत गेले आणि परत येऊन दारात उभी राहिले. “हाय का कुणी घरात?” मी विचारलं.

“या बाई,” आजी म्हणाली. “कुठल्या गावच्या?”

“चौसाळ्याच्या.”

तिचे डोळे एकदम उजळले. “चौसाळ्याला माझी नात दिलीया. लई गुणाची हाय. यायची हाय ती.”

“येईल की,” मी म्हणाले. आणि तिच्यासमोर बसून जेवले. मग ती जेवली.

तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी तिच्या घरी रोज पाहुणी म्हणून गेले आणि रोज तिच्या तोंडून माझं कौतुक ऐकलं. तिने मला ओळखावं हा हट्ट त्या दारात चपलांबरोबर काढून ठेवला, तेव्हा कुठे मला माझी आजी परत मिळाली. तो सीताफळवाला कोण होता, त्याची गाडी आमच्याच दारापुढे का तापली, हे मी देवाला विचारत नाही. नुसते हात जोडते. चौसाळ्यात आमचं घर रस्त्याला लागून आहे, दार उघडं ठेवलं की धूळ येते, नवरा कुरकुरतो. तरी ताट वाढलं की मी कडी काढते आणि घटकाभर बाहेर बघत उभी राहते. आजी जिथे असेल तिथे अजून आपल्या नातीची वाट बघत असेल, असं वाटतं.