ओव्याची धुरी

शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला की अजूनही माझा हात पर्समधल्या दम्याच्या पंपाकडे जातो.

मुळशीतल्या आमच्या शाळेत दर शनिवारी आम्ही मुली वर्ग झाडून सारवायचो. चौथीत असताना एकदा झाडता झाडता मला दम लागला. बाई शाळेमागच्याच खोलीत राहायच्या. त्यांनी मला उचलून तिथे नेलं, आडवं केलं आणि डोक्यावरून घोंगडी घातली. "वारं लागंल पोरीला," म्हणत खिडकी लावली, उशाशी निखाऱ्यांवर ओवा टाकला.

आडवं झाल्यावर छाती आणखीच आवळली. मला उठून बसायचं होतं. पण मी उठू लागले की बाईंचा हात मायेने मला पुन्हा खाली दाबायचा. आत लोकरीचा कुबट वास, धूर आणि अंधार. सांगायला श्वासच नव्हता. हळूहळू छातीतली शिट्टीही थांबली; ती वाजण्याइतकीही हवा आत जात नव्हती.

"उतार पडला बघ. झोपली," बाई कुजबुजल्या.

घोंगडीखाली माझे डोळे टक्क उघडे होते.

पाणी घेऊन आलेल्या सुनंदाने, माझ्या मैत्रिणीने, घोंगडी ओढली. "बाई, हिचं व्हट निळं पडल्यात!" ती ओरडली आणि मला दंडाला धरून थेट अंगणात घेऊन गेली. तिथे मोकळ्या हवेत बसल्यावर कुठे श्वास आत जाऊ लागला.

गेल्या वर्षी बाई भेटल्या. खूप थकल्यात. माझा हात धरून म्हणाल्या, "धुरीनं वाचलीस गं तू."

या वेळी श्वास होता. तरी मी एवढंच म्हणाले, "व्हय, बाई."