कोळशाच्या रंगाची भिंत

मानपाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत मी कोळशाच्या रंगाची करून घेतली, आणि आजही छातीठोकपणे सांगते, आख्ख्या बिल्डिंगमध्ये तशी भिंत कुणाकडे नाही. काळी नाही हं, गडद राखाडी. ठाण्याला ऑफिसला जाताना एका टॉवरला बाहेरून तो रंग लावलेला बघितलेला, तेव्हाच ठरवलेलं, आपल्या घरी हाच. बाकी तीन भिंती पांढऱ्या, समोर ही. काय थाट दिसतो म्हणून सांगू!

सासूबाई कोपरीच्या जुन्या खोलीत एकट्याच राहायच्या. आम्हाला बाळ झालं तेव्हा त्या कायमच्या आमच्याकडे येणार हे ठरलेलं. माझी रजा संपत आलेली, आणि खरं सांगायचं तर रजा नसती संपली तरी मला त्या घरात हव्याच होत्या. पण आल्या, भिंत बघितली आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बाई, नव्या घरात काळं? मी नाही राहायची इथे."

चहासुद्धा न घेता परत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी नवरा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन हजर. "कशाला वाद? मारून टाकू."

"हात तर लावून बघ!" मी म्हटलं. डबा बाल्कनीत गेला. आतून मात्र मी धास्तावलेले. माझ्या हट्टापायी बाळाची आजी तुटली तर? बाथरूममध्ये जाऊन रडलेसुद्धा, पण भिंत तशीच ठेवली.

संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण केलं. सासूबाई आल्या, पण पाहुण्यासारख्या. काळी साडी नेसून, भिंतीकडे पाठ करून बसल्या. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून मी मुद्दाम त्या भिंतीपुढेच पाटावर बसवलं. पोरांनी डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतले. मागे तो गडद रंग, अंगावर पांढराशुभ्र हलवा. माझं लेकरू असं काही उठून दिसलं की सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. सासूबाईही मान वळवून बघत राहिल्या.

तेवढ्यात त्यांच्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. "सगळं छान गं, पण तुझ्या सुनेनं भिंतीला काळं फासलंय ते काही बरं दिसत नाही."

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई उसळल्या.

"काळं फासलंय? स्वतः काळी साडी नेसून आलीस ना गं? घराला तीट लावलीय माझ्या सुनेनं. एवढं देखणं घर, कुणाची दृष्ट नको लागायला!"

मला इतका अभिमान वाटला! भिंतीचा तर होताच, आता सासूचाही.

पाहुणे गेल्यावर त्या बाळाच्या केसांतले चुरमुरे वेचत बसल्या. नवऱ्याने विचारलं, "आई, कोपरीला सोडू का?"

"सोडतोस कुठे? उद्या जाऊन माझे देव घेऊन ये. या भिंतीपुढेच मांडायचेत."