गॉगलमागचे डोळे

पेंटरचाचा चेहऱ्यातले डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, आणि त्या वेळी गेलेल्या माणसाच्या घरचं कुणीतरी शेजारच्या स्टुलावर बसलेलं लागायचं. नाहीतर पेन खाली. "म्या त्याईले पाह्यलं नाही न बाई. ज्यानं पाह्यलं त्यानं सांगाव," एवढंच म्हणायचे. पुसदच्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात श्रद्धांजलीचे फोटो सतत यायचे. मी रोज सकाळी कामांची यादी करते, आणि चाचांच्या या नियमापाशी ती यादी रोज अडायची.

मूळचे ते दुकानांच्या पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आलं, ब्रश वाळले, तेव्हा मीच त्यांना बोलावलं. माऊस त्यांना जमेना. "ओला साबन धरल्यावानी वाटते," म्हणाले. म्हणून मी पेन टॅबलेट आणला: वहीएवढी काळी पाटी आणि बिनशाईचं पेन. पहिल्या दिवशी चाचांनी पाटीवर रेघ ओढली. पाटी कोरीच. वर पाहिलं, तर रेघ पडद्यावर! "हात माहा इथं अन् रेघ तिथं? भूत बसलं का यात?"

आठवडाभर त्यांनी पाटीकडे न पाहता नुसते गोल गिरवले. मग मात्र पेन हातातून सुटलं नाही. लग्नपत्रिका, शिष्यवृत्तीचे फॉर्म, फोल्डर उघडणं, प्रिंट सोडणं, सगळं पेनानंच. पाट्या रंगवण्याची सवय अशी की उजव्या मनगटाखाली डावी मूठ टेकवलेली असायची. पाटी जराशी फिरली तरी पडद्यावरची रेघ तिरपी जाते. टेबल पुसताना माझा धक्का लागला की लगेच, "बाई, माही जमीन काहून सरकवून राह्यल्या?"

एका उन्हाळ्यात चाचा चाचीच्या ऑपरेशनसाठी दीड महिना नागपूरला होते. तेव्हाच उमरखेडकडच्या एका गावातून एक माणूस आला. त्याचा मेहुणा, मोटारपंप दुरुस्त करणारा तरुण, विजेचा झटका लागून गेला होता. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं श्रद्धांजलीचा कार्यक्रम, त्यासाठी फोटो हवा होता. लग्नाचा अल्बम पावसात भिजून चिकटलेला, मतदान कार्डावर नुसता काळा डाग. धड फोटो एकच, आणि त्यात गॉगल.

"गॉगल काढून द्या ताई, बाकी सारं बरोबर हाय," असं म्हणून तो हार-फुलांच्या खरेदीला गेला. त्याला थांबवून दोन प्रश्न विचारायला हवे होते. माझ्या यादीत त्या दिवशी अकरा कामं होती. महिन्यापूर्वी चाचांनी पुसदमधल्याच एका दिवंगत गुरुजींचा चेहरा केला होता, त्यातले डोळे मी उचलले, रंग जुळवला, बसवले. छान बसले. संध्याकाळी तो माणूस फोटो बघून रडला आणि घेऊन गेला.

चाचा परतले. जुन्या फाइली चाळता चाळता त्यांचं पेन थांबलं.

"हे तं गुरुजी होत."

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. लॅपटॉप आणि पाटी पिशवीत भरून म्हणाले, "चाला. त्या बाईले तिचा मानूस देऊन येऊ."

एसटीनं गेलो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली तो फोटो होता. चाचांनी त्या तरुण विधवेला खाटेवर शेजारी बसवलं, पाटी मांडीवर घेतली. ती सांगत गेली. डावा डोळा थोडा बारीक. हसले की दोन्ही मिटायचे. भुवईत पाना लागल्याची खूण. चाचा तिच्याकडे बघत काढत होते. एकाएकी तिनं पदर तोंडाला लावला.

"हेच," ती म्हणाली. "हेच होत."

"मंग हाच फोटो लावतो, बेटा."

तिनं दाराकडे पाहिलं. दोन वर्षांची लेक उंबऱ्यात खेळत होती.

"नको, चाचा. पोरगी रोज उठल्यावर त्या फोटोची पापी घेते. पप्पा म्हन्ते त्याले. मले म्हाइती होतं हो पह्यल्याच दिवशी. पन आता तिच्यापासून कितीदा बाप नेऊ?"

आम्ही परतीची एसटी धरली. पुसद आलं तेव्हा चाचा म्हणाले, "यादीत टिक तं लागली न बाई?"

ते डोळे त्यांनी त्याच फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवरच्या पारदर्शक थरावर, बंद करून ठेवले. कधी दुपारी काम नसलं की लेयर चालू करून नुसते बघत बसायचे. मी बघत नसे. दुकानाच्या वाटेवर गुरुजींचं घर आहे. त्यांच्या पडवीतल्या फोटोकडेही मी अजून मान वर करून बघत नाही. तिथून गुरुजी आणि तो तरुण, दोघं एकदमच माझ्याकडे बघतात.

चाचा गेले त्याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी दुकानात आली. गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी हातातली यादी खाली ठेवली.

"काकू, पप्पांचा फोटो इथंच बनवला होता म्हने. नव्या घरात लावाले मोठा पायजे. आई म्हने, फाइल असन तुमच्याकडं."

फाइल उघडली. मी चाचांच्या पेनानंच काम करते आता. पेन त्या बंद लेयरवर नेलं. म्हटलं, हिचा हक्क आहे. एकदा तरी दिसू दे. लेयर चालू केला. बारीक डावा डोळा, भुवईतली खूण, हसू येऊ घातलेलं.

मुलगी पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हा कोन हाय काकू?"

तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं.

"कोणी नाही," मी म्हणाले, आणि लेयर बंद केला.