दहापर्यंत टिकणारा बोर्ड

आमचा दादा कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बोटाने निवडतो. हसू नका! प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचा, तर बोर्डाला जादा वीज पुरवावी लागते. ती पुरवणाऱ्या भागांवर एक धातूची पट्टी असते. पूर्ण भार टाकायचा, पट्टीवर बोट ठेवायचं, दहा आकडे मोजायचे. बोट टिकलं की बोर्ड पास. वीस वर्षं गिऱ्हाईकं या बोटाच्या भरवशावर येतात आणि मी, त्याची धाकटी बहीण, शेजारी बसून स्क्रीनवरचं तापमान बघते. मला विचारतो कोण! "तो आकडा थापाड्या आहे," म्हणतो.

काल दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. आठवडाभर लोकांचे दात उपटायचे आणि सुट्टीत प्रोसेसर पळवायच्या स्पर्धेत उतरायचं, आता काय बोलणार! त्यांच्याकडे प्रोसेसर दोन, एक लहान, दुसरा भलताच वीजखाऊ. दोघांना झेपेल असा एकच बोर्ड हवा होता. लहानापुढे कुठलाही बोर्ड शहाण्यासारखा वागतो, म्हणून दादाने मोठा बसवला, वेग वाढवला आणि बोट ठेवलं.

"एक, दोन..."

स्क्रीनवरचा आकडा शंभरच्या पुढे गेला. "दादा, बास कर!"

"गप गं. पाच, सहा..." चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही.

मग वास आला. अगं बाई, जळला बोर्ड! मी खटकन बटण बंद केलं. पण धूर नव्हता, बोर्डाला काहीच झालं नव्हतं.

"अहो, बोट! बोट उचला तुमचं!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या.

त्याने बोट उचललं, पण कातडी पट्टीलाच चिकटून राहिली.

"नऊ झाले होते," दादा म्हणाला. "चांगला बोर्ड आहे."

गेल्या वर्षभरात आमच्याकडे एकही बोर्ड नापास झाला नव्हता. आणि मी मूर्ख, म्हणत होते, हल्ली माल चांगला येतोय!

"साखर कधी तपासली होती?" बाईंनी विचारलं. मी दादाला ओढत बेसिनपाशी नेलं, नळ सोडला, हात धारेखाली धरला.

"गार वाटतंय ना रे?"

त्याने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गार असेल," म्हणाला.