पाच अनुभवी गाईड

अमक्याचं आयुष्य तुरुंगात गेलं म्हटलं की ऐकणारा जरा सावरून बसतो. जेलरचं आयुष्य तुरुंगातच गेलं, पण त्याने कुणाच्या कोंबडीलासुद्धा कधी खडा मारला नव्हता. तो तिथे गाईड होता. तुरुंग कधीचाच बंद पडलेला, कैदी गेलेले, उरलेल्या दगडी कोठड्या बघायला लोक तिकीट काढून येत आणि हा त्यांना हिंडवून आणी. तिकीट खिडकीवाल्याने थट्टेत त्याला जेलर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं काही चिकटलं की त्याचे सख्खे मेहुणेसुद्धा त्याला जेलर म्हणूनच हाक मारत.

माणूस बोलण्यात पटाईत. पण त्याची एक खोड होती, ती आधीच सांगून टाकतो. घोळका बघून तो गोष्ट बदले. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या कोठडीत एक कैदी होऊन गेला होता. समोर नवं जोडपं असलं की तो कैदी सुटून थेट बायकोच्या दारात जाऊन उभा राही. शाळेची सहल असली की भिंत फोडून पळून जाई. म्हातारी मंडळी असली की बिचाऱ्याला झोपेतच शांत मरण येई. खिडकीवाला म्हणे, "अरे, एका माणसाला किती वेळा मारशील आणि किती वेळा सोडवशील?" जेलर म्हणे, "लोक धापा टाकत एवढ्या पायऱ्या चढून येतात. त्यांना हवं ते दिलं तर आपल्या बापाचं काय जातंय?" खरं काय घडलं होतं ते एके काळी त्याला ठाऊक होतं म्हणे. पुढे सगळ्याचा असा काला झाला की त्याचं त्यालाच सांगता येईना.

मग एका सकाळी, ऐन गोष्टीच्या भरात, पाहुण्यांच्या देखत त्याचा पाय पायरीवरून सटकला. गुडघा टरारून सुजला. बरेच दिवस घरी काढून तो परत आला तोवर बाकीचे जुने गाईड कुणी निवृत्त होऊन, कुणी कंटाळून निघून गेले होते. उरला हा एकटा, तोही लंगडत. याला ठेवायचं की घालवायचं? वरच्या ऑफिसात कुणालाच ते आपल्या अंगावर घ्यायचं नव्हतं. त्यांनी विद्यापीठाला कळवलं, की जुन्या गाईडांचं पुढे काय करावं याचा अभ्यास करा आणि आम्हाला सांगा.

विद्यापीठाने ते भलतंच मनावर घेतलं. कायदा, आरोग्य, पर्यटन, तंत्रज्ञान आणि शिक्षण, पाच विभाग एकदम कामाला लागले. तंत्रज्ञानवाला तरुण जेलरला म्हणाला, "काका, हे उपयोजित संशोधन आहे. म्हणजे निष्कर्ष कपाटात ठेवायचे नसतात, लगेच लागू करायचे असतात."

"कुणाला?"

"संबंधितांना."

"हां हां," जेलर म्हणाला. संबंधित म्हणजे आपणच, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

आता गंमत बघा. प्रत्येक विभागाला एक अनुभवी गाईड हवा होता आणि अनुभवी गाईड तर होता एकच. पण या लोकांचा नियम असा, की ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव कुणालाही कळू द्यायचं नाही, शेजारच्या विभागालासुद्धा नाही. नावाऐवजी एक नंबर द्यायचा आणि विषय बंद. त्यामुळे पाचही जण वेगवेगळ्या दिवशी आले, त्याच बाकावर बसले, त्याच्या सह्या घेतल्या आणि आपल्याला नवीन माणूस गवसला अशा आनंदात परत गेले. जेलर पार गोंधळून गेला. "अहो, नाव येऊ द्या की छापून," तो कायद्याच्या बाईंना म्हणाला, "मी काय चोरी केली आहे?" बाई म्हणाल्या, "तुमच्या संरक्षणासाठीच आहे हे." कुणापासून संरक्षण, ते विचारायचं राहूनच गेलं.

आणि मग त्याची ती जुनी खोड. कायद्याच्या बाईंचा चेहरा इतका चिंतेचा, की तुमच्यावर अन्याय होतो का असं त्यांनी विचारल्यावर नाही म्हणायला त्याला जड गेलं. "बसायला साधं स्टूल देत नाहीत हो," तो म्हणाला. स्टूल होतं. त्यावर तो पाय ठेवून बसे. बाई भराभरा लिहीत राहिल्या आणि आपल्यामुळे कुणाचं तरी काम झालं म्हणून याला बरं वाटलं. शिक्षणवाल्याला त्याने सांगून टाकलं, की आम्हाला कुणी काही शिकवलंच नाही, आंधळा कारभार सगळा. पर्यटनवाल्यापुढे पाहुण्यांचं रडगाणं गायलं: ऐकत कुणी नाही, नुसते फोटो काढतात.

तंत्रज्ञानवाला पोरगा मात्र त्याला मनापासून आवडला. त्याने गळ्यात अडकवायची एक डबी केली होती. कोठडीपुढे उभं राहून बटण दाबलं की डबी बोलायची, आणि तीही जेलरच्याच आवाजात. तो आवाज पोराने आधीच भरून घेतला होता. डबी ऐकवून तो असा आशेने बघत राहिला, की त्याचं मन कसं मोडायचं? "अरे, फर्स्ट क्लास!" जेलर म्हणाला. "माझ्यापेक्षा झकास बोलते. हिचा घसा बसत नाही, गुडघा कुरकुरत नाही, आणखी काय पाहिजे?" पोरगा लाजून लाल झाला.

राहिली आरोग्यवाली मुलगी. तिला जेलरने उठून, चार पावलं ताठ चालून दाखवली. "घोडा आहे घोडा," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून घाम पुसत बसला. मुलगी हसली, पण तिला घरच्यांशीही बोलायचं होतं. ती घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला जेलरची बायको. "काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" जेलर जिन्यात जाऊन उभा राहिला. बंद दाराआडून कुजबुज तेवढी ऐकू येत होती. मुलगी गेल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणत होती?"

"तुमच्या गुडघ्याचं," बायको म्हणाली आणि कप विसळायला लागली.

जेलरने पुढे विचारलं नाही. दिवसभर बडबड करून आलेला माणूस, घरी घशाला आराम द्यायचा हे त्याचं ठरलेलं. पेपर उघडायचा, जेवायचं, झोपायचं. बायकोही काही म्हणत नसे.

निकालाच्या बैठकीला त्याला बोलावलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. त्याला एवढंच हवं होतं, की आपल्याला लोकांपुढे उभं राहू द्यावं. पगार कमी करा, पायऱ्या कमी करा, चालेल. पण बोलू द्या. ते गेलं तर सकाळी उठून आपण करायचं काय? लांबलचक टेबलाभोवती पाचही विभाग बसले होते. टोकाला वरच्या ऑफिसातल्या मुख्य बाई, नुकत्याच बदलून आलेल्या. विद्यापीठाचे मोठे सर उभे राहून अहवाल वाचू लागले.

"आम्ही पाच अनुभवी गाईडांशी सविस्तर बोललो," सर म्हणाले.

पाच? जेलरने इकडे तिकडे बघितलं. बाकीचे चौघे कुठून आले बुवा? आपण घरी पडलो होतो तेव्हा नवीन घेतले की काय? मग आपल्याला कुणी कसं बोललं नाही? सर वाचत होते. एका गाईडला बसायला स्टूल मिळत नाही. अरेरे, जेलरला वाटलं, आपलं देऊ की बिचाऱ्याला. एकाची प्रकृती ठणठणीत आहे. असेल, तरुण असेल. एक म्हणतो, पाहुणे ऐकतच नाहीत. याला गोष्ट सांगता येत नसणार, दुसरं काय!

"आणि तंत्रज्ञान विभागाशी बोललेल्या गाईडने स्वच्छ सांगितलं आहे," सर म्हणाले, "की यंत्र आपल्यापेक्षा चांगलं बोलतं."

जेलरच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण हा घरभेदी? आपल्याच पोटावर पाय आणतो आणि वर दुसऱ्याच्याही! सापडू दे एकदा.

"त्यांचे शब्द असे आहेत. हिचा घसा बसत नाही, गुडघा कुरकुरत नाही, आणखी काय पाहिजे?"

हे तर आपलेच शब्द! मग हळूहळू स्टूल आठवलं. घोडा आठवला. एकेक करत चौघेही त्याच्याच शर्टात येऊन बसले.

तो उठला. "बाई, एक चूक झाली आहे. हे पाचही मीच आहे."

कुणाला काही कळेना. पाचही विभाग एकमेकांकडे बघायला लागले. कायद्याच्या बाई पुटपुटल्या, "स्वतःचं नाव ते सांगू शकतात, आपण सांगू शकत नाही." मोठे सर कागद मागेपुढे करू लागले.

मुख्य बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे अन्याय होतो म्हणणारे तुम्ही?"

"मीच."

"आणि यंत्र चांगलं म्हणणारेही तुम्हीच?"

"तोही मीच."

"अहो काका, मग यातलं खरं काय धरायचं?"

जेलरने सवयीने समोरच्या मंडळींकडे नजर फिरवली. यांना काय ऐकायला आवडेल? काही अंदाज लागेना. प्रत्येकाचा चेहरा वेगळंच काहीतरी मागत होता. मला काम करू द्या, एवढे चार शब्द त्याच्या ओठांवर आले होते. देवाशपथ आले होते. तेवढ्यात सरांना हवा तो कागद सापडला.

"एक मिनिट. हे एक बोलणं यांचं नाही. गाईडच्या पत्नीचं आहे, म्हणजे यांच्याच." आणि सरांनी वाचलं: "ते रोज घरी आले की माझ्याजवळ बसतात. म्हणतात, खूप झालं लोकांशी बोलून. आता सगळं सोडून तुझ्याशी बोलत बसावंसं वाटतं."

आरोग्यवाल्या मुलीने मान खाली घातली.

जेलर भांबावून उभा राहिला. कधी म्हणालो आपण असं? तो आठवायला लागला. सकाळ आठवली, संध्याकाळ आठवली, पेपर आठवला. आपण बरंच काही बोललेलो असतो आणि विसरलेलो असतो, हे त्याला आत्ताच कळलं होतं. मग हेही बोललो असू का? नाही. हे नाही. हे बोललो असतो तर तिचा चेहरा लक्षात राहिला असता.

"काका," मुख्य बाईंचा आवाज मऊ झाला होता, "बाकीचा सगळा गोंधळ राहू द्या बाजूला. हे तुम्ही घरी म्हणत होता का? तेवढं सांगा. तुमच्या मनाविरुद्ध आम्हाला काही करायचं नाही."

सगळे त्याच्याकडे बघत होते. नाही म्हणायचं, की काम हातात. नाही म्हणायचं, की या एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत बायको खोटी. पाचही तोंडांनी तो काय काय बरळला होता. त्याने न बोललेलं एवढं एकच वाक्य त्या अहवालात होतं.

"हो," जेलर म्हणाला. "रोज म्हणतो."

पुढचं पटापट झालं. त्याला सन्मानाने मोकळं करायचं ठरलं. टाळ्या वाजल्या. तंत्रज्ञानवाला पोरगा धावत येऊन हात हातात धरून म्हणाला, "काका, आवाज तुमचाच राहणार बरं का!" आणि जेलर त्यालाही म्हणाला, "वा, छान."

तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"तू सांगितलेलं वाचून दाखवलं त्यांनी."

तिचा चेहरा उतरला. ती आत जाऊन टेबलाशी बसली. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

"अहो, काय केलंत हे!" ती ओरडलीच. "तुम्ही नाही म्हणायचं होतं! मला खोटी पाडायचं होतं! त्या पोरीने विचारलं, काका घरी आले की तुमच्याशी काय बोलतात? आता काय सांगू मी तिला? काहीच बोलत नाहीत, हे परक्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगू? लाज वाटली हो मला. म्हणून आलं ते तोंडात. मला काय माहीत त्यावर तुमचं काम जाईल म्हणून?" आणि ती पदराने तोंड झाकून रडायला लागली.

जेलर तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसला. तिला असं रडताना त्याने किती दिवसांत पाहिलं नव्हतं, की कधी पाहिलंच नव्हतं, तेही त्याला सांगता येईना.

तिने डोळे पुसले. "आता तरी बोला काहीतरी."

"काय बोलू?" त्याने विचारलं. तिला काय ऐकायला आवडतं, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.