कसबेबाईंचे डबे

मिरची कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात. आमच्या कसबेबाई डबासुद्धा हातात देत नसत. टेबलावरच्या गोधडीवर ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, "आता घ्या."

ऐंशीच्या दशकात अंबरनाथच्या आमच्या छोट्या कारखान्यात निकेल-लोखंडाचे डबे बनत. नाजूक यंत्रांना बाहेरच्या चुंबकत्वापासून झाकायचं, हे त्यांचं काम. बाई टेस्टिंग बघायच्या, मी त्यांच्या हाताखाली. डब्याबाहेरच्या कॉइलमधून सिग्नल सोडायचा आणि आतल्या कॉइलपर्यंत किती पोचतो ते मीटरवर बघायचं. काटा जितका खाली, तितका डबा चांगला. पण भट्टीत भाजून निघाल्यावर या धातूला धक्का सोसत नाही. पोचा पडला नाही तरी आतून बिघडतो. "थोरल्या सुनेची जात," बाई म्हणायच्या, "लागलेलं दिसत नाही."

एका खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. बाई बौद्ध, पूजेला उभ्या राहत नसत. पेढा मात्र दुसरा मागून घेत. वांगणीहून येणारे आमचे म्हातारे फिटर दगडूमामा यांनी पूजलेला हातोडा उचलला आणि पाठवायला तयार असलेल्या प्रत्येक डब्यावर शकुनाचा एकेक हलका ठोका दिला. सुट्टीनंतर टेस्टिंगला काटा खाली येईना. बाईंनी विचारलं, तेव्हा मामांनी शेठसमोरच भोळेपणाने सगळं सांगून टाकलं.

शेठ उल्हासनगरचे. माणूस वाईट नव्हता, पण माल अडकला की त्यांना काही सुचत नसे. "मामा, आपका हिशोब आजच करून टाकतो," ते म्हणाले. मामांच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा बघवेना.

बाईंनी मीटर बंद केला. "शेठ, भाजलेल्या डब्याला हातोडा लावू नये, हे मामांना सांगायचं काम टेस्टिंगचं. मी सांगितलं नाही. हिशोब करायचा तर माझा करा."

शेठनी हिशोबाचं नाव पुन्हा काढलं नाही. डबे पुन्हा भट्टीत गेले, सावकाश थंड झाले आणि काटा खाली आला. मामांची नोकरी राहिली, पण त्यांनी हातोडा सोडला. दिवसभर नुसती झाडलोट करत. चाळीस वर्षं ठोकण्यात गेलेला माणूस तो.

बाई बदलापूरला वारल्या, त्याला बरीच वर्षं झाली. मला आठवते ती त्याच दिवसांतली एक सकाळ. त्यांनी एक कच्चा डबा मामांपुढे ऐरणीवर ठेवला. "हा अजून भट्टीत जायचाय, मामा. कोपरा वाकडाय. ठोका."

मामांनी पहिला घाव इतका हलका घातला की आवाजच आला नाही.

"असा कुठं कोपरा सरळ होतो?" बाई म्हणाल्या, आणि दुसरा घाव पडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.