दोन जावांचं एकमत

काकूंना आभाळातलं सगळं दिसतं, फक्त टेबलावरचा स्वतःचा चष्मा दिसत नाही, असं त्यांचे यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. यात अतिशयोक्ती थोडीच होती. उपग्रहांकडून येणारी चित्रं बघणं हीच काकूंची नोकरी. कुठूनही क्षेपणास्त्र सुटलं, की त्याच्या शेपटाची आग उपग्रहाला वरून दिसते आणि काकूंच्या पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो. पण ठिपका काय, वणव्याचाही उमटतो आणि उन्हात चकाकणाऱ्या ढगाचाही. त्यातला खरा ओळखून वेळेवर इशारा द्यायचा. मग शहरात भोंगे वाजतात आणि माणसं तळघरात जातात. इशारा खोटा निघाला तर म्हातारी-कोतारी उगाच जिने उतरतात. आणि उशीर झाला तर? त्याबद्दल त्या कामाच्या खोलीत कोणी बोलत नसे.

म्हणून तिथला नियमच होता, की एका उपग्रहावर विसंबायचं नाही. दोन उपग्रह दोन बाजूंनी बघतात. दोघांना तोच ठिपका सरकताना दिसला तरच इशारा. काकूंनी त्यांची नावं थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ अशी पाडली होती. ‘‘एकीचं ऐकून भांडायला उठू नये. पण दोघी जावांचं एकमत झालं, की खुशाल समजावं, घराला आग लागलीय,’’ असं त्या प्रत्येक नव्या माणसाला बजावत. पुढे पुढे साहेबसुद्धा गंभीर चेहऱ्याने विचारू लागले, ‘‘धाकटी काय म्हणते?’’

घरीही त्यांच्या तोंडी तेच. यजमान कुणाचं तरी ऐकून शेजाऱ्यावर तणतणले, की काकू म्हणायच्या, ‘‘दुसऱ्या जावेला विचारलंत का?’’ या जावा कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कामाबद्दल त्या घरी चकार शब्द काढत नसत.

यजमान बसचालक म्हणून निवृत्त झालेले. क्लच दाबून दाबून गुडघ्यांची वाट लागलेली, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. अधूनमधून, आधी न सांगता, सरावाचा भोंगा वाजे. तो वाजला, की सगळी इमारत खाली जाई आणि हे गृहस्थ गॅलरीत पेपर वाचत बसत.

‘‘अहो, सगळे उतरतात. तुम्हाला काय वेगळं सोनं लागलंय?’’

‘‘सराव करायला मी काय शाळेत आहे? खरा वाजला की उतरेन.’’

‘‘आणि खरा कुठला, ते कोण सांगणार?’’

‘‘तू तर सांगणार नाहीसच,’’ ते म्हणत आणि पान उलटत. काकूंचा जीव या एका गोष्टीत अडकलेला असे. सगळ्या शहराला आपण उठवू, पण हा एक माणूस खुर्चीवरून हलायचा नाही.

एका सकाळी थोरलीला ठिपका दिसला. ‘‘वणवा असेल,’’ साहेब म्हणाले. पण वणवा पळत नाही, आणि हा पळत होता. ‘‘धाकटी?’’ काकूंनी विचारलं. धाकटीलाही दिसला. संगणकाने वाट आखली, आणि ती वाट येऊन टेकली ती थेट त्यांच्याच शहरावर.

‘‘दोघींचं एकमत,’’ काकू म्हणाल्या आणि त्यांनीच बटण दाबलं.

कामाच्या खोलीच्या जाड भिंतींतून भोंगा ऐकू येत नसे. काकूंना डोळ्यांपुढे फक्त गॅलरीतली खुर्ची दिसत होती. ‘उठा हो,’ त्या मनात म्हणत राहिल्या, ‘एवढ्या वेळेला तरी उठा.’ शेपटाची आग संपली तसा ठिपका विझला, पुढचा माग रडारने घेतला, आणि दुसरं क्षेपणास्त्र सोडून ते संकट समुद्रावरच फोडण्यात आलं. खोलीत टाळ्या वाजल्या. काकूंनी बाहेरच्या कपाटातून मोबाइल काढून घरी लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

‘‘जा तुम्ही, अहवाल मी लिहितो,’’ साहेब म्हणाले.

घरी गॅलरीतली खुर्ची रिकामी, पेपर जमिनीवर, मोबाइल त्याच्याखाली. काकू धापा टाकत तळघरात उतरल्या. बाकी सगळे केव्हाच वर गेले होते. यजमान एका पालथ्या बादलीवर बसून गुडघे चोळत होते.

‘‘आज बरे उतरलात!’’ काकू डाफरल्या, कारण डाफरल्या नसत्या तर रडल्या असत्या.

‘‘भोंगा वाजला. पण म्हटलं, एकीचं ऐकून काय उठायचं? जाऊन ओटा बघितला. थर्मास पालथा.’’

‘‘त्याचं काय?’’

‘‘अगं, सराव असला की तुला कागदपत्रांपायी यायला उशीर होतो. म्हणून सकाळीच माझा चहा भरून ठेवून जातेस. नेहमीच. आज भरला नव्हतास, म्हणजे हा भोंगा तुलाही ठाऊक नव्हता. दोघी जावांचं एकमत झालं. उतरलो.’’

काकू मटकन पायरीवर बसल्या. इतकी वर्षं कुलपात जपलेलं सरावाच्या दिवसांचं गुपित थर्मासातून गळत होतं! आणि ऐकत नाही, ऐकत नाही म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो त्यांचं सगळं बारकाईने बघत होता. त्या रडल्याच शेवटी.

‘‘उद्यापासून रोज भरणार,’’ नाक पुसत त्या म्हणाल्या.

‘‘मग मला खरा-खोटा कळायचा कसा?’’

‘‘नाहीच कळणार.’’

यजमानांनी गुडघ्यांकडे बघून मोठा सुस्कारा सोडला. ‘‘म्हणजे दर खेपेला उतरणं आलं. चहात आलं तरी घालत जा.’’

पुढच्या सरावाच्या दिवशी काकूंनी बाहेर येऊन घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. काकू शेवटच्या घंटेपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग खुशीत अहवाल लिहायला बसल्या.